मदत हवी आहे: दावा लावण्याआधी समोरच्याला नोटीस द्यावीच लागते का?

कर्वेनगरवाला: आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनचं बिल बघून डोळे पांढरे झाले. समोरचा फोन उचलत नाही. एक वकील म्हणतो आधी नोटीस, दुसरा म्हणतो थेट दावा लाव. नक्की काय? "वकिलाला भेटा" सांगू नका, भेटून झालंय.

पेठेतला: थेट लावा. मोटार वाहन कायदा, कलम 166. चालक, मालक, विमा कंपनी यांना नोटीस न्यायाधिकरणच काढतं. मुदत मात्र सांभाळा, 1 एप्रिल 2022 पासून अपघातानंतर सहाच महिने. मेव्हण्याची केस शिवाजीनगर कोर्टात चालली, म्हणून माहीत.

सातारा_रोड: तरी वकिलाची नोटीस द्याच, रजिस्टर एडीने. लेटरहेड बघूनच अर्धे लोक तडजोडीला येतात.

पेठेतला: रजिस्टर पोस्ट 2025 मध्येच स्पीड पोस्टात विलीन झालं, काका. आणि विमा कंपन्या असल्या नोटिशींना भीक घालत नाहीत.

सातारा_रोड: काकू.

मृण्मयी: पण गाडी आली कुठून? वर नुसतं "पडली" आहे. समोरचा म्हणजे कोण?

कर्वेनगरवाला: गाडी नाही हो! केबलसाठी खणलेल्या चरात पडली. बॅरिकेड नाही, दिवा नाही. समोरचा म्हणजे ठेकेदार.

मृण्मयी: मग 166 विसरा. नुसत्या खाजगी ठेकेदारावर दावा असेल तर आधी नोटीस सक्तीची नाही. महापालिकेलाही पक्षकार करणार असाल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, कलम 487 बघा. लेखी नोटीस मुख्य कार्यालयात द्यायची, महिना थांबायचं, आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांच्या आत. नोटिशीत दाव्याचं कारण आणि दावा लावणाऱ्याचं नाव-पत्ता हवाच. आवक शिक्क्याची प्रत जपून ठेवा. राज्य सरकारचं खातं असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 80, तिथे दोन महिने. आई पडल्या कधी?

कर्वेनगरवाला: धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी.

मृण्मयी: अहो, ऑगस्ट लागला! याच आठवड्यात नोटीस द्या. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळता येतो, पण त्या भरवशावर बसू नका.

सिंहगडरोडकर: कोर्ट कशाला? ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांसाठी भरपाई ठरवून दिली आहे. मृत्यूला 6 लाख, जखमीला 50 हजार ते अडीच लाख. आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीकडे अर्ज टाका. आमच्याकडचे खड्डे बघता मी आत्ताच फॉर्म भरून ठेवतो.

मृण्मयी: अर्ज जरूर टाका. पण तो आदेश खड्डे आणि उघड्या मॅनहोलबद्दल आहे. केबलचा चर त्यात बसतो का, यावर ते वाद घालणारच.

कट्टेकरी: खुब्याच्या ऑपरेशननंतर कमोडवर उंच सीट लावा. सासूबाईंना फार सोयीची पडली.

कर्वेनगरवाला: सीट आणलीय. चर बुजवला, कामाचा बोर्डही गायब. काम नक्की कोणाचं, हे कसं काढू?

पेठेतला: पथ विभागाकडे माहिती अधिकारात खोदाईचा परवाना मागा. उत्तराला 30 दिवस लागतील, तोवर नोटीस अडवून ठेवू नका. पडल्याच्या जागेचे फोटो आहेत ना?