झोऊ शुआन : रेडिओवरचा तो कोवळा आवाज

रानवारा

परवा रात्री हाँगकाँगचा दिग्दर्शक वाँग कार-वाईचा 'इन द मूड फॉर लव' (२०००) पाहिला. त्यात रेडिओवरचा निवेदक सांगतो की जपानला गेलेल्या मिस्टर चान यांनी बायकोच्या वाढदिवसासाठी एका गाण्याची फर्माईश केली आहे. मग गाणं सुरू होतं. भिंतीच्या अलीकडे ती, पलीकडे शेजारचा तो, दोघंही गप्प. आवाज इतका पातळ आणि कोवळा की मी चित्रपट थांबवून ते गाणं पुन्हा ऐकलं.

शोधल्यावर झोऊ शुआन हे नाव मिळालं. पण पुढे जे वाचायला मिळालं ते सगळं एकाच साच्यातलं : पोरकं बालपण, मोडलेला संसार, वेड, अकाली मृत्यू. गायिका म्हणून, नटी म्हणून तिचं मोठेपण कशात होतं? आणि १९६२ साली घडणाऱ्या हाँगकाँगच्या गोष्टीत दिग्दर्शकाने हेच गाणं का घेतलं असेल? जाणकारांनी कृपया लिहावं.

निळावंती

तीस-चाळीसच्या दशकांत शांघायमध्ये ज्या सात गायिका गाजल्या त्यांत झोऊ शुआनचं नाव पहिलं घेतात. बाकीच्यांत याओ ली, बाय ग्वांग, बाय होंग, ली शियांगलान वगैरे. तैवानची गायिका तेरेसा तेंग हिचं 'हरी जुन चाय लाय' हे गाणं तुम्ही कदाचित ऐकलं असेल. ते मूळ झोऊ शुआनचं, १९३७च्या एका चित्रपटातलं. जुनीतबकडी येतील तर सविस्तर सांगतील, त्यांच्याकडे या काळाचा बराच साठा आहे.

जुनीतबकडी

रानवारा, प्रश्न वाचून फार बरं वाटलं. तिच्या दुःखांची यादी सगळे सांगतात, तिच्या कामाबद्दल कोणी विचारत नाही.

मी जुन्या ७८ आरपीएमच्या ग्रामोफोन तबकड्या जमवतो, मुख्यतः आपल्याकडच्या. शांघायकडे वळलो ते लेबलामुळे. शांघायची 'पाथे' कंपनी (तिकडे तिला 'बायदाय' म्हणतात) १९३१ नंतर ईएमआय या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीच्या ताब्यात होती. आपली हिज मास्टर्स व्हॉइसही त्याच मालकाची. म्हणजे कलकत्त्याला आपल्या गायिका ज्या कंपनीसाठी गात होत्या, तिच्याच शांघायच्या स्टुडिओत झोऊ शुआन गात होती. दोनशेच्या वर गाणी आहेत तिची, आणि चाळीसहून अधिक चित्रपट.

आधी आवाजाबद्दल. १९३७ साली आपल्याकडे 'कुंकू' आला. त्यातली शांता आपटे आठवा : मोकळा, ठणठणीत, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा गळा. त्याच वर्षी शांघायमध्ये झोऊ शुआनचा 'मालू तिआनश', म्हणजे 'रस्त्यावरची देवदूत' हा चित्रपट आला, आणि तिचं गाणं याच्या अगदी उलट टोकाचं. आवाज लहान, नाकाकडे थोडा झुकलेला. नाटकाच्या थिएटरात ती कदाचित पाचव्या रांगेपलीकडे ऐकूही गेली नसती. पण तिने मायक्रोफोन ओळखला होता. ओरडायची गरज नाही, तोंडाशी असलेल्या यंत्राला हळू सांगितलं तरी ते सगळ्या शहराला ऐकू जातं, हे तिला फार लवकर उमगलं. शब्दाच्या शेवटी ती श्वास किंचित सोडते, स्वर दाबून धरत नाही. हेडफोन लावून ऐका, ती शेजारी बसून गुणगुणते आहे असं वाटतं. १९३४ साली शांघायमध्ये गायिकांची मोठी स्पर्धा झाली, त्यात ती दुसरी आली. पहिली बाय होंग. 'सोनेरी गळा' हे बिरुद मात्र झोऊ शुआनला कायमचं चिकटलं. तेव्हा ती जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची होती.

ही पोर आली कुठून? जन्म चांगचौचा, साल साधारण १९२० मानतात. लहानपणीच घरच्यांपासून तुटली, एका घरातून दुसऱ्या घरात दत्तक गेली. खरे आईवडील कोण हे तिला मरेपर्यंत कळलं नाही. अकरा-बारा वर्षांची असताना ली जिनहुईच्या 'मिंग्युए' या गाण्या-नाचाच्या मंडळीत दाखल झाली. शाळा म्हणावी तर तीच.

आता 'मालू तिआनश'. दिग्दर्शक युआन मूची, नायक झाओ दान. चीनच्या ईशान्येचा मंचुरिया जपान्यांनी घेतल्यावर तिथून पळून आलेल्या दोन बहिणी शांघायच्या गल्लीत राहतात. मोठीला वेश्याव्यवसायात ढकललेलं आहे. धाकटी शियाओ होंग चहाच्या दुकानात गाते, आणि तिला सांभाळणारं जोडपं तिला एका गुंडाला विकायच्या बेतात आहे. हे काम झोऊ शुआनकडे आलं तेव्हा ती सतराच्या आसपास होती. तिच्या स्वतःच्या बालपणाशी याचं साम्य सगळेच सांगतात. पण म्हणून तिने अभिनय केलाच नाही, जे भोगलं तेच दाखवलं, असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

चहाच्या दुकानातलं 'चार ऋतूंचं गाणं' बघा. म्हातारा हूछिन (गजाने वाजवायचं चिनी तंतुवाद्य) वाजवतो आहे, ती उभी आहे, बोटांनी वेणीशी चाळा चालला आहे, नजर भलतीकडेच. गाण्यात लक्ष नाही, ही रोजची मजुरी आहे, हे ती नुसत्या बोटांनी सांगते. आणि पडद्यावर मधूनमधून तिच्या गावाची, लढाईची दृश्यं येतात, म्हणजे प्रेक्षकाला कळतं की हिचं मन कुठे आहे. मग दुसरं, 'थिआन्या गन्यू'. पहिल्यांदा ती ते खिडकीतून गाते, समोरच्या खिडकीत झाओ दान हूछिन वाजवतो, नुसता आनंद. पुढे तेच गाणं दुकानात पुन्हा येतं, तो गैरसमजाने रागावलेला आणि दारू प्यायलेला आहे. शब्द तेच, चाल तीच, आणि ती प्रत्येक ओळ जेमतेम पुरी करते. एकाच गाण्याचे हे दोन अर्थ तिने ज्या सहजतेने वेगळे केले आहेत त्याला मी तरी मोठा अभिनय म्हणेन. दोन्ही चाली 'हे लूतिंग' नावाच्या संगीतकाराने सूचौच्या लोकगीतांवरून बांधल्या, शब्द तिआन हानचे.

चित्रपट लागला जुलै १९३७मध्ये. ऑगस्टमध्ये शांघायवर लढाई आली.

तुमच्या गाण्याबद्दल : 'हुआयांग द न्यिएनहुआ' हे १९४७च्या हाँगकाँगी चित्रपटातलं. शब्द फान येनच्याओचे, संगीत चेन गशिनचं. सुरुवात तारुण्याच्या, सुखी घराच्या वर्णनाने होते आणि मध्येच ढग दाटतात. 'एकाकी बेट' असा उल्लेख येतो. जपानी सैन्याने वेढलेल्या शांघायच्या परदेशी वसाहतींना तेव्हा हेच म्हणत. वाँग कार-वाई स्वतः शांघायमध्ये जन्मला आणि लहानपणी हाँगकाँगला आला. चित्रपटातली घरमालकीणही शांघायचीच आहे. सगळं सोडून आलेल्या त्या माणसांच्या घरात रेडिओवर हे गाणं लागणं अगदी साहजिक आहे. चित्रपटाचं चिनी नावही याच गाण्यावरून घेतलेलं.

रानवारा

वा, मनापासून आभार! आता गाणं वेगळंच ऐकू येतंय. शेवटच्या वर्षांबद्दल थोडं सांगाल का? आणि सुरुवात कुठून करू?

जुनीतबकडी

सांगतो, थोडक्यातच.

येन हुआ या गायकाशी १९३८मध्ये लग्न, १९४१मध्ये घटस्फोट. वर्तमानपत्रांनी तेव्हा तिची जी चिरफाड केली ती वाचवत नाही. त्याच वर्षी एका दैनिकाच्या वाचकांनी तिला 'चित्रपटसम्राज्ञी' म्हणून निवडलं, आणि तिने जाहीर निवेदन देऊन तो किताब नाकारला. तिला नुसती बिचारी ठरवणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

युद्धानंतर तिने हाँगकाँगमध्ये बरंच काम केलं. १९४८च्या 'छिंग राजवाड्याचं गुपित'मध्ये ती छिंग घराण्याच्या सम्राट ग्वांगशूची लाडकी राणी झेन झाली. पुढे सांस्कृतिक क्रांतीत, १९६७ साली, याच चित्रपटाला देशद्रोही ठरवून झोडपलं गेलं. तोवर तिला जाऊन दहा वर्षं झाली होती. १९५०च्या सुमारास शांघायला परतल्यावर एका चित्रपटाचं काम चालू असताना तिचं मानसिक संतुलन बिघडलं. काही वर्षं उपचार झाले, बरंही वाटू लागलं होतं, आणि २२ सप्टेंबर १९५७ला मेंदूच्या दाहाने ती गेली. तिच्या मुलाला झाओ दान आणि त्याची बायको ह्वांग झोंगयिंग यांनी घरी वाढवलं. पडद्यावर समोरच्या खिडकीत बसलेल्या नटाचं हे घर होतं, म्हणून मला ते फार मोलाचं वाटतं.

सुरुवात 'मालू तिआनश'पासूनच करा. इंग्रजी उपशीर्षकांसह नेटवर मिळतो. प्रत खरखरीत आहे, चालवून घ्या. मग 'ये शांघाय' ऐका, तेही चेन गशिनचंच. नाइटक्लबात रात्र काढणाऱ्या आणि पहाटे घरी जाणाऱ्या बाईचं गाणं आहे, चाल एकदम थिरकती, आणि झोऊ शुआन त्यात कुठेही रडत नाही. नंतर 'छिंग राजवाड्याचं गुपित' बघा. आणि शक्य असेल तर गाणी 'स्वच्छ' केलेल्या नव्या आवृत्तीत ऐकू नका. खरखर काढताना तिचा श्वासही काढून टाकतात.