नोटीस बोर्डावर कागद लावायला सही कुणाची?

आस्थापनावाला:
आपल्या महामंडळात परिपत्रक निघालं, बोर्डावर कुठलाही कागद लावायचा तर आधी आस्थापना शाखेची सही-शिक्का, आणि १५ दिवसांनी कागद खाली. त्यावरून केवढी ओरड चाललीय! भिंत महामंडळाची, बोर्ड महामंडळाचा. वाढदिवसाच्या शुभेच्छा, प्लॉट विकणे आहे, हे कशाला पाहिजे तिथे?

डेपोतला:
प्लॉटचं ठीक आहे हो, पण युनियनच्या बोर्डालाही तुमचा शिक्का? युनियनला मान्यता देण्याच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याचं कलम २० वाचा. मान्यताप्राप्त युनियनला आवारात स्वतःचा बोर्ड लावायचा, त्यावर नोटिसा लावायचा हक्क आहे, साहेबांची मेहरबानी नाही ती. आमच्या गेटसभेची नोटीस सकाळी लावली आणि दुपारी सिक्युरिटीवाल्याने फाडली, वर मलाच विचारतो परवानगी कुठाय.

आस्थापनावाला:
हक्क नोटिशीचा आहे, बदनामीचा नाही. आमच्या बोर्डावर एका अधिकाऱ्याच्या बायकोचं नाव घालून कागद लागला होता. तो काढायला मी गेलो होतो, शिव्या मी खाल्ल्या.

छोटी युनियन:
सारखं मान्यताप्राप्त मान्यताप्राप्त काय? सहा महिने ३० टक्के सभासद दाखवले की बोर्ड त्यांचा, मग आम्ही कागद कुठे लावायचा? मुतारीच्या दारावर लावतो, तिथे निदान सगळे वाचतात.

टपाल शाखा:
तुम्ही काय लावू द्यायचं यावर भांडताय, मला जे लावलं होतं तेच दिसलं नाही. मी बाळंतपणाच्या रजेवर होते. तात्पुरती ज्येष्ठता यादी बोर्डावर लागली, हरकतीला १५ दिवस. मैत्रिणीने फोटो पाठवला तो काचेबाहेरून, कुलूप होतं आणि किल्ली शिपायाकडे, तो सुट्टीवर. नेमकी माझ्या ओळीवर ट्यूबलाइटची तिरीप. रुजू झाल्याची तारीख चुकलीय हे कळलं तेव्हा यादी अंतिम झाली होती. चार ज्युनियर माझ्या पुढे गेले.

आस्थापनावाला:
ताई, वाईट झालं, पण बोर्डावर लावली म्हणजे प्रसिद्ध झाली. रजेवर असणाऱ्याने चौकशी ठेवायची असते.

टपाल शाखा:
टाके ओले होते माझे. त्या अवस्थेत येऊन काचेला नाक लावू का? माझा रजेचा अर्ज तुमच्याच शाखेत होता, पत्ता त्यावरच होता!
आणि नियमांचंच बोलायचं तर कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने, अशा तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीच्या नेमणुकीचा आदेश ठळक जागी लावणं बंधनकारक आहे. आमच्याकडच्या आदेशात अध्यक्ष म्हणून ज्या मॅडम आहेत त्या रिटायर होऊन दोन वर्षं झाली, शाई उडालीय, आणि त्यावर निरोप समारंभाच्या वर्गणीची यादी टाचलीय. एखादीला तक्रार करायची तर तिने कुणाकडे जायचं? त्यावर नाही निघालं कधी परिपत्रक.

डेपोतला:
ताई, हे मी आजवर बघितलंच नव्हतं. आमच्या डेपोतला कागद उद्या बघतो.

छोटी युनियन:
आणि आमच्या बोर्डाचं काय? त्यावर कुणीच बोलत नाही.

आस्थापनावाला:
यादी रजेवरच्यांना घरी पाठवायला हवी होती, मान्य. आम्ही पाठवत नाही हेही खरं. समितीचा आदेश बदलायची टिपणी सोमवारी मीच टाकतो. पण शिक्का राहणार, त्यात बदल नाही.

डेपोतला:
मग शिक्क्याबरोबर तारीख आणि सही करणाऱ्याचं नाव टाका, आणि कागद नाकारला तर कारण त्याच कागदावर लेखी द्या. शुक्रवारी गेटसभा आहे, नोटीस घेऊन उद्या दहाला तुमच्या टेबलासमोर उभा असेन.