देवमासे पाहायला बोट हवीच कशाला?

खारावारा:
नुकताच किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास करून आलो. बोटीतून हंपबॅक देवमासे पाहिले. फोटो झकास आले, पण मन खट्टू झालं. मादी, तिचं पिल्लू आणि भोवती आमची धरून पाच बोटी! ती बुडी मारून वर यायची तर इंजिनं तिथे आधीच हजर. पिलाला पाजणारी हंपबॅक मादी प्रजननाच्या उबदार पाण्यात जवळजवळ उपाशीच असते, अंगावरच्या चरबीवर दिवस काढते. तिला आपण पळवायचं, तेही सेल्फीसाठी?
दक्षिण आफ्रिकेत हर्मनसला सदर्न राइट व्हेल कड्याच्या इतक्या जवळ येतात की जमिनीवर बसून दिसतात. माझं मत सरळ आहे, बोटफेऱ्या बंद कराव्यात.

दर्यावर्दी:
सगळे किनारे हर्मनस नसतात हो. स्पर्म व्हेल खोल पाण्यातला प्राणी, तासभरसुद्धा बुडी मारून राहू शकतो. न्यूझीलंडच्या कायकोराला समुद्रतळाची खोल घळ किनाऱ्याला खेटून आहे, म्हणून तो जवळ मिळतो. तरी लोक बोटीनेच जातात.
दुसरं म्हणजे पोटापाण्याचं. व्यापारी शिकारबंदी १९८६मध्ये लागू झाली. त्यानंतर किनाऱ्यावरच्या माणसांना जिवंत देवमाशातून मिळकत नको? शिवाय हंपबॅकच्या शेपटीखालची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. पर्यटकांच्या फोटोंवरून तोच प्राणी हजारो किलोमीटरवर पुन्हा ओळखला जातो. हे कड्यावरून जमेल?

खारावारा:
मिळकतीचं मान्य. पण ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेचं काय? तिथे डॉल्फिन दाखवणारे व्यावसायिक एकाचे दोन झाले आणि त्या भागातले डॉल्फिन कमी झाले. २००६मध्ये हा अभ्यास आला आणि परवाना पुन्हा एकावर आणावा लागला. दोन म्हणजे काही जत्रा नव्हे!

उधाण:
डॉल्फिन तर आपणहून येतात. बोटीच्या पुढच्या टोकाशी उठणाऱ्या लाटेवर स्वार होऊन चाललेला कळप पाहिलाय का कधी? त्याला छळ म्हणणार?

दर्यावर्दी:
उधाण, मी बोटवाल्यांच्या बाजूचा, पण इथे तुम्ही घसरलात. खेळायला आलेला कळप वेगळा, झोपलेला वेगळा. हवाईतले स्पिनर डॉल्फिन रात्रभर शिकार करतात आणि दिवसा उथळ खाडीत विसावतात. लोक तिथेच पोहायला उतरायचे. २०२१मध्ये ५० यार्डांच्या आत जायला बंदी आली, ती उगाच नाही.

वाळूतली पावलं:
सगळे बोटीलाच झोडपताय, म्हणून सीलची बाजू मांडते. किनाऱ्यावरून पाहणारा माणूस साळसूद असतो हा मोठाच गैरसमज आहे. खडकावर पहुडलेले सील आळशी वाटतात, पण तो त्यांचा विसावा असतो. कुणी चालत जवळ गेलं की अख्खा कळप पाण्याकडे सुटतो आणि त्या चेंगराचेंगरीत पिल्लं सापडतात. एकटं पिल्लू दिसलं की लोकांना माया फुटते. उचलतात, पाण्यात ढकलतात. आई बहुतेकदा समुद्रात खायला गेलेली असते, गर्दी पाहून ती परत यायचं टाळते. डोकी वर करून सील तुमच्याकडे पाहू लागले की समजा, तुम्ही फार जवळ आलात.
(काही जण सी लायनलाही सील म्हणतात. बाहेर कानाची पाळी दिसली आणि पुढच्या परांवर उठून चालला, तर तो सी लायन किंवा फर सील.)

खारावारा:
हे डोक्यात नव्हतं. मीही त्याच सहलीत फोटोसाठी खडकावर बराच पुढे गेलो होतो. बरेच सील पाण्यात गेले. मला वाटलं, भरती आली असेल.

दर्यावर्दी:
म्हणून म्हणतो, बंदी नको, नियम पाळा. न्यूझीलंडमध्ये देवमाशापासून ५० मीटर आणि पिल्लू सोबत असेल तर २०० मीटर दूर राहावं लागतं. ३०० मीटरच्या आत तीनहून जास्त बोटी चालत नाहीत. तुमच्या त्या पाच बोटी तिथे असत्या तर थेट नियमभंग.

खारावारा:
आणि नियम पाळतंय की नाही, हे भर समुद्रात बघणार कोण? आमच्या बोटीवरही अंतराची पाटी होती. कप्तान तिला टेकूनच उभा होता.

दर्यावर्दी:
मग बोट निवडतानाच पारखा. "हमखास दाखवतो" म्हणणाऱ्याच्या बोटीत मी चढत नाही. दाखवण्याचा शब्द दिला की पाठलाग आलाच.

खारावारा:
तुम्ही पारखा, मी कड्यावर बसतो. दुर्बीण कोणती घेऊ तेवढं सांगा.

वाळूतली पावलं:
८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची. जास्त पटीची वाऱ्यात हातात थरथरते. आणि सीलच्या खडकापासून लांब बसा!