पेशंट बिघडतोय हे घरच्यांना आधी कळलं तर बोलवायचं कुणाला?

घाटावरचा:
बाबांचं आतड्याचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या रात्री श्वास भराभरा चालला होता, चादर नुसती ओढत होते आणि मला काकांच्या नावाने हाका मारत होते. सिस्टरना तीनदा सांगितलं तर बीपी नॉर्मल आहे, झोपू द्या. मोबाईलवर मिनिट लावून श्वास मोजले, तीस भरले. चार्टवर मात्र वीस, वीस, वीस. पहाटे आयसीयू, सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनून अवयव निकामी व्हायला लागतात ते. वाचले बाबा. इंग्लंडात तेरा वर्षांची मार्था मिल्स सायकलवरून पडली, स्वादुपिंडाला मार लागला आणि 2021 मध्ये सेप्सिसने गेली, आईवडील सांगत होते तरी. वेळेत आयसीयूत नेलं असतं तर बहुतेक वाचली असती असं चौकशीत निघालं. 2024 पासून तिथे 'मार्थाज रूल' आलाय, घरचे थेट दुसऱ्या टीमला बोलवू शकतात. आपल्याकडे का नको?

रातपाळी_रेसिडेंट:
कारण एका पेशंटमागे सात नातेवाईक असतात आणि सलाइन संपली तरी त्याच नंबरवर फोन येणार. दुसरी टीम कुठली हो, रात्री पहिली पण मीच आणि दुसरी पण मीच. ऑस्ट्रेलियात 23 हॉस्पिटलांत असल्या इमर्जन्सी टीमचा अभ्यास झाला, 2005 ला लॅन्सेटमध्ये आला, म्हणावा तसा फरक नाही पडला.

वॉर्डातली_ताई:
त्याच अभ्यासात निकषात बसणाऱ्या बऱ्याच पेशंटसाठी टीमला कुणी बोलावलंच नव्हतं, तेही सांगा की डॉक्टर. आणि दादा, त्या वीस-वीसची लाज मलाही वाटते, पण तीस बेडला आम्ही दोघी, श्वास मोजायचा तर पेशंटजवळ पूर्ण मिनिट उभं राहावं लागतं. इंग्लंडात 'न्यूज' (NEWS) नावाचा तक्ता असतो, पेशंट जितका बिघडलेला तितके मार्क जास्त. त्यात श्वास मिनिटाला 25 किंवा वर गेला की 3 मार्क, नव्याने बरळायला लागला की आणखी 3. तुमच्या बाबांचे तिथेच 6 झाले, बीपी नॉर्मल धरूनसुद्धा, आणि 5 लाच डॉक्टरने धावत यायचं असतं. इथे फोन केला तर पहिला प्रश्न, बीपी किती? नॉर्मल? मग सकाळी बघू.

घाटावरचा:
सात नातेवाईक कुठले, पास एकच म्हणून बाकीचे खाली वॉचमनपाशी. वर मी एकटा.

रातपाळी_रेसिडेंट:
बरं, सिस्टरना थेट आयसीयूला फोन करायचा हक्क द्या, तिथवर मान्य. नातेवाइकांना नाही.

घाटावरचा:
आणि सिस्टर दुसऱ्या टोकाला अडकली असेल तर?