मदत हवी आहे: रॉकेटचे प्लॅस्टिकचे भाग गळून पडतायत, रविवारी उडवायचंय

दांडियाबाजारकर:
जरा लवकर सांगा. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचं मॉडेल केलंय, 1:50. बाजूचे सहा स्ट्रॅप-ऑन (मधल्या नळीला बाहेरून लागणारी छोटी रॉकेटं) थ्रीडी प्रिंट करून घेतले. रात्री चिकटवले, सकाळी दोन जमिनीवर. ग्लू प्लॅस्टिक मॉडेलचाच आहे, ट्यूब नवी. कुठला ग्लू लावू? बाकी सगळं तयार आहे.

खटपट्या:
मधली नळी कशाची? प्रिंट कशात काढलंय? रंग आधी दिलात की नंतर?

दांडियाबाजारकर:
नळी पुठ्ठ्याची, अजून कशाची असणार. प्रिंट पीएलए प्लॅस्टिकचं. रंग आधीच दिलाय, मस्त गुळगुळीत झालाय.

खटपट्या:
मग पडणारच. तो ग्लू स्टायरीनचं प्लॅस्टिक विरघळवून सांधतो. पीएलएला त्याचं काही होत नाही, पुठ्ठ्यालाही नाही, आणि तुम्ही तर रंगाला चिकटवताय. जिथे टेकतं तेवढी पट्टी पॉलिश पेपरने पुठ्ठा दिसेपर्यंत घासा, प्रिंटही घासा, अॅरल्डाइट लावा. पाच मिनिटवालं नको, रात्रभर सुकणारं.

मांडवीचा_मन्या:
अॅरल्डाइट कशाला, इन्स्टंट ग्लू दोन थेंब. माझी सगळी विमानं त्यावरच उभी आहेत.

खटपट्या:
उभीच आहेत ना? यांचं उडणार आहे. तो धक्क्याला ठिसूळ असतो.

कलाभवनी:
सहा आहेत म्हणजे पीएसएलव्हीचा जी किंवा एक्सएल प्रकार. डीएलला दोन, क्यूएलला चार. मंगळयान 5 नोव्हेंबर 2013 ला गेलं ते एक्सएलवर. तिचे चार जमिनीवर पेटतात, दोन हवेत. तुम्ही कुठली केलीय?

दांडियाबाजारकर:
काका, एक्सएल. पण प्रश्न ग्लूचा आहे.

सयाजीगंज_एक्सप्रेस:
मोटर कुठे मिळते हो तुम्हाला? लायसन्स वगैरे?

दांडियाबाजारकर:
ते क्लबचे सर बघतात. प्लीज विषयावर या.

निमामावशी:
अरे, फोटो तरी टाक. शेपटाच्या फिन (पंख) कुठल्या लावल्यास?

दांडियाबाजारकर:
मावशी, खऱ्या पीएसएलव्हीला कुठे असतात फिन? हुबेहूब करायचंय.

निमामावशी:
झालं! ग्लूचं राहू दे बाजूला. खऱ्याला आतून दिशा देणारी यंत्रणा आहे, तुझ्याला काय आहे? एक स्ट्रॅप-ऑन किती ग्रॅम?

दांडियाबाजारकर:
22.

निमामावशी:
सहाचे 132, आणि सगळे शेपटाकडे. गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या केंद्रापेक्षा (हवेचा जोर जिथे एकवटतो त्या जागेपेक्षा) नळीच्या निदान एका व्यासाएवढा पुढे हवा, म्हणजे तुझ्या मापात साडेपाच सेंटिमीटर. मोटर भरून ज्या जागी तोल साधतो तिथे दोरी बांध आणि गच्चीवर डोक्याभोवती गरगर फिरव. नाक पुढे राहिलं तर उडव.

कलाभवनी:
वजनाचं बरोबर. स्ट्रॅप-ऑन ड्रॉइंग पेपरच्या दोन वेढ्यांत करा, 24 सेंमी लांब, 2 सेंमी व्यास. फक्त वरचे शंकू प्लॅस्टिकचे ठेवा. आमच्या वेळी प्रिंटर नव्हता म्हणून काही अडलं नाही.

मांडवीचा_मन्या:
तुमच्या वेळी रॉकेट तरी होतं का काका? 😄 उत्तरायणचा बांबू लावा शेपटाला, दिवाळीचं रॉकेट तसंच जातं.

कलाभवनी:
मस्करी पुरे.

दांडियाबाजारकर:
फिरवलं. शेपूट पुढे, नाक मागे. आईने विचारलं, भूत लागलंय का. आता फिन लावल्या तर हुबेहूब कसं राहणार?

निमामावशी:
पारदर्शक अॅक्रिलिक, दीड-दोन मिलिमीटर. चार मोठ्या फिन, स्ट्रॅप-ऑनच्या फटींतून बाहेर काढ. दहा पावलांवरून दिसत नाहीत. नाकात प्लॅस्टिसिन भर. मग परत फिरव.

खटपट्या:
आणि वजन वाढलं की मोटर बदलावी लागेल. सी वर्गाची (कमी ताकदीची) असेल तर विसरा. सरांना आजच विचारा.

दांडियाबाजारकर:
सी च आहे.

सयाजीगंज_एक्सप्रेस:
अॅक्रिलिक कापून कुठे मिळेल? मलाही नेमप्लेट करायचीय.