ब्योकगोल्जे: सिंचनाचा तलाव की भरती अडवणारा बांध?

भूगोलवेडी:
गिम्जे हे दक्षिण कोरियाच्या उत्तर जोल्ला प्रांतातलं भाताचं शहर. मानग्योंग आणि दोंगजिन या दोन नद्यांमधलं इथलं मैदान इतकं सपाट, की डोंगराळ कोरियात जमिनीवर क्षितिज दिसणारी जागा म्हणून ते ओळखलं जातं. शहराचा शरदातला उत्सवही क्षितिजाच्याच नावाने भरतो. याच मैदानात उत्तर-दक्षिण सुमारे ३ किलोमीटरचा मातीचा बांध आहे, ब्योकगोल्जे. ‘साम्गुक सागी’ या जुन्या इतिहासग्रंथात त्याची नोंद इ.स. ३३० खाली सापडते, आणि सगळीकडे त्याला कोरियातला सर्वांत जुना तलाव म्हणतात.

माझ्या मते मुळात तो तलाव नव्हताच. भरतीचं पाणी रोखून खारजमीन लागवडीखाली आणायला तो घातला. उंची जेमतेम ४-५ मीटर. अशा सपाटीवर पाणी साठवायचं तर हजारो एकर जमीन बुडवावी लागते. आणि ते पाणी द्यायचं कुठल्या शेतांना? पश्चिमेला तर खाडी. या किनाऱ्यावर मोठ्या भरतीला पाणी ६ मीटरच्या आसपास चढतं. १४१५ च्या दुरुस्तीची हकीकतच सांगते, की देगुकपो इथे लाटा आदळत होत्या, म्हणून आधी तिथे बांध घालून त्यांचा जोर मोडला आणि मगच मुख्य काम हाती घेतलं. पंधराव्या शतकात ही अवस्था, तर चौथ्या शतकात समुद्र किती आत असेल?

पाटकरी:
साफ असहमत. दारं बघा. बांधाला पाच दारं होती. त्यातल्या जांगसेंगगो आणि ग्योंगजांगगो या दोन दारांचे दगडी खांब अजून उभे आहेत. उंची ५.५ मीटर, दोन खांबांत ४.२ मीटर अंतर, आतल्या अंगाला २० सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर खोल खाच. त्या खाचेत लाकडी फळ्या सरकवायच्या आणि लागेल तेवढं पाणी सोडायला वर ओढायच्या. ही पाण्याची वाटणी करायची सोय आहे.

त्याहून मोठा पुरावा १४२० चा. वादळी पावसात बांध फुटला, तेव्हा राजदरबाराच्या नोंदीत बांधाखालची, म्हणजे पश्चिमेकडची, २ हजार ग्योलहून जास्त शेती गेल्याचं लिहिलंय. (ग्योल हे उत्पन्नावरून ठरणारं जमिनीचं माप.) समुद्र अडवणारा बांध फुटला असता तर खारं पाणी आत घुसून पूर्वेची शेतं गेली असती.

खाजणकर:
दारांबद्दल पाटकरींशी सहमत. गोव्यात खाजणाच्या (भरती अडवून मिळवलेल्या शेतजमिनीच्या) मानशीला, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराला, झडप असते. भरती आली की पाण्याच्याच दाबाने मिटते, ओहोटीला उघडते. खाचेतल्या फळ्या वापरायच्या तर दिवसातून दोनदा माणसं हवीत, तीही पाचही दारांवर. एखादी भरती चुकली की मीठ आत, आणि मग ती जमीन गोडी व्हायला पावसाळे जातात.

भूगोलवेडी:
पण हे खांब आणि ही नोंद ३३० च्या बांधाबद्दल काय सिद्ध करतात? ७९० मध्ये सात प्रांतांतून माणसं आणून काम झालं, पुढेही दुरुस्त्या झाल्या, १४१५ ला १० हजार मजूर लागले. समुद्र मागे सरकला तसा जुन्या बांधाचा तलाव केला, एवढंच त्यातून निघतं.

दगडमाती:
बांधणीकडेही बघायला हवं. १९७५ च्या उत्खननात बांधाच्या तळाशी वनस्पतींचा थर मिळाला, त्याचं वय चौथ्या शतकाच्या आसपास निघालं. नंतरच्या उत्खननांत गवती पिशव्यांत भरलेली मातीही सापडली. मऊ चिखलावर नुसती माती टाकली तर ती बाजूला सरकते आणि बांध खचतो. पालापाचोळ्याचा थर मातीला धरून ठेवतो आणि पाणी निथरू देतो. हेच तंत्र जपानात ओसाकाजवळच्या सायामाइके तलावात आहे, आणि तो निर्विवाद सिंचनाचा तलाव. अर्थात दलदल कुठलीही असो, तंत्र चालतं, त्यामुळे एवढ्यावर निकाल लागत नाही. १४१५ ला खोल डबक्याच्या जागी मोठाले ओंडके रोवले, पाच रांगांचं लाकडी कुंपण करून मध्ये माती भरली, आणि मुळांनी बांध धरावा म्हणून आतबाहेर विलोची झाडं लावली. तळ ७० चक (कोरियन फूट), माथा ३०, उंची १७. एवढा रुंद तळ दोन्ही बाजूंच्या पाण्यासाठी योग्य आहे.

पाटकरी:
पाऊस विसरू नका. तिथला मुख्य पाऊस जूनअखेरीस सुरू होतो, भाताला पाणी त्याआधी लागतं. साठवण नसेल तर शेतं कोरडी. इथले ओढे लहान आहेत, म्हणूनच १९२० च्या दशकात शेजारच्या सोमजिन नदीचं पाणी डोंगरापलीकडून वळवावं लागलं आणि १९६५ ला त्याच नदीवर मोठं धरण झालं. नुसती भरती अडवून गोडं पाणी येत नाही.

भूगोलवेडी:
ओढे लहान असतील तर तुमचा तलाव भरत कशाने होता? मुद्दा माझ्याच बाजूचा आहे.

पाटकरी:
हिवाळा-वसंतात दारं बंद ठेवून. ओढा लहान असला तरी महिनोन्‌महिने वाहतो.

दगडमाती:
निकाल मातीतच आहे. बांधाच्या दोन्ही बाजूंना खोल नमुने काढून त्यातली सूक्ष्म शैवालं खाऱ्या पाण्यातली की गोड्या, हे थराथराने तपासायचं. पूर्वेला बांधाच्या काळातले थर गोड्या पाण्याचे निघाले तर तलाव. चिखल खारा आणि त्यावर थेट शेतमाती निघाली तर भूगोलवेडी बरोबर. फक्त नमुने बांधाला चिकटून घेऊ नयेत. १९२५ मध्ये बांधाच्या मधोमध पाट खणला, त्यामुळे तिथले थर उलटेपालटे झालेत. पूर्वेच्या खाचरांत, बांधापासून निदान शंभर मीटर आत खणायला हवं.