रिपोर्टात 'अ बंच ऑफ फार्मर्स' चालतं का? आणि पुढे वॉज की वेअर?

केळीबाग_रावेर
नमस्कार, एमएस्सी अ‍ॅग्रीचा प्रोजेक्ट रिपोर्ट इंग्लिशमधे लिहू राहिले, विषय रावेर-यावलकडची केळी. त्यात एक वाक्य आहे 'अ बंच ऑफ फार्मर्स वॉज इंटरव्ह्यूड', गाईड मॅडमनी बंचला गोल केला आणि वॉजवर पण रेघ मारली, कारण विचारेपर्यंत त्या मीटिंगला निघून गेल्या. सिरीजमधे, यूट्यूबवर तर सगळे सर्रास बंच ऑफ पीपल म्हणतात. आणि बंच एकच आहे ना, मग वॉज का नाही? सोमवारी जमा करायचंय, कोणीतरी नीट सांगा प्लीज.

तापीकाठ
ताई, आधी वॉजचं. मुलाखत कोणाची झाली, बंचची की फार्मर्सची? फार्मर्सची, म्हणून वेअर. इथे 'अ बंच ऑफ' म्हणजे नुसतं 'बरेच', कर्ता फार्मर्सच. 'अ लॉट ऑफ'चंही तसंच, अ लॉट ऑफ वॉटर इज, पण अ लॉट ऑफ फार्मर्स आर, म्हणजे क्रियापद पुढच्या नामाकडे बघून ठरतं. (आणि अ आणि लॉट वेगवेगळे लिहायचे बरं, पोरं सर्रास जोडून लिहितात.) आता बंचला गोल का, तर ते बोलण्यातलं आहे. मैत्रिणीला मेसेज करताना बिनधास्त वापरा, रिपोर्टात नको.

फैजपूर_बागायत
तापीकाठ दादा बरोबर बोलले पण केळीच्या रिपोर्टात अजून एक मोठी अडचण आहे भो. आपल्या विषयात बंच म्हणजे घड, पूर्ण घड. त्याच्या फण्या म्हणजे हँड्स, आणि एकेक केळं म्हणजे फिंगर. तुमच्या टेबलात बंच वेट, हँड्स पर बंच असे कॉलम असतीलच, मग त्याच रिपोर्टात शेतकऱ्यांना बंच म्हटलं तर वाचणारा अडखळणारच. एक शब्द एकाच अर्थाने ठेवा. आणि घडाबद्दल लिहिताना मात्र तुमचं वॉज बरोबर आहे, 'अ बंच ऑफ बनानाज वॉज वेड', कारण तिथे खरोखर एक घड काट्यावर ठेवला.

केळीबाग_रावेर
अरे हो, बंच वेटचा कॉलम आहेच! खूप धन्यवाद दोघांना. मग तिथे 'अ नंबर ऑफ फार्मर्स' करू का?

तापीकाठ
चालेल, अ नंबर ऑफ असेल तर वेअर, द नंबर ऑफ असेल तर वॉज, कारण तिथे आकड्याबद्दल बोलतोय. पण माझं ऐका, तुमच्याकडे शेतकऱ्यांची यादी असेल ना, मग नेमका आकडाच टाका. परीक्षकाला 'बरेच' नको असतं, किती ते हवं असतं. 42 असतील तर 'फोर्टी-टू फार्मर्स वेअर इंटरव्ह्यूड', वाक्याच्या सुरवातीला आकडा अक्षरात लिहायचा, मधे आला तर अंकात चालतो.